एकेचाळिसाव्या मैलावरची मोरी

सोमवार, ३ मार्च

पोचलो एकदाचे. बोमाँटहून निघालो तेव्हा धुकं होतं, होलुबेकला उतरलो तेव्हा लख्ख ऊन. सगळं सामान एका ट्रेलरमध्ये मावलं. त्यावर कोलेट म्हणाली, एकवीस वर्षांच्या संसाराचा एवढासाच पसारा, लाज वाटायला हवी आपल्याला. पण म्हणाली हसत. भाड्याचं घर तिला आवडलंय. खुब्याचं दुखणं विसरून तिने तीनदा सगळ्या खोल्या फिरून पाहिल्या. मला पुढचा ओटा आवडला. तिथे दोन खुर्च्या टाकल्या की झालं.

ही वही तिनेच दिली. रिफायनरीतून काढून टाकल्यापासून मी स्वतःशी पुटपुटत असतो म्हणे. ‘ते सगळं हिच्यात लिही व्हर्लन, माझ्या कानांना जरा सुट्टी दे.’ तर ही तिच्या कानांची सुट्टी.

उद्यापासून काम. ऑस्टिन शहरात न शिरता पूर्वेकडून वळसा घालून थेट दक्षिणेला काढणारा टोलरस्ता आहे, त्याच्या दोन्ही बाजूंच्या कुंपणाचं कंत्राट लोनी प्रुइटकडे आहे. त्यातले एकोणीस मैल आता माझे. प्रुइटने पिकअप दिला, टोपी दिली, नवीकोरी पक्कड दिली. नव्वद दिवस टिकलो की आरोग्य विमा लागू. मग कोलेटचं ऑपरेशन. नव्वद दिवस काय, मी नऊशे दिवस टिकेन.

गुरुवार, ६ मार्च

काम मला जमतंय. रानडुकरं खालून जाळी उचकटतात, हरणं वरून उडी मारताना तार वाकवतात, आणि शनिवारी रात्री प्यायलेली पोरं गाडीसकट आरपार जातात. डुकराचं भोक दगडाने बुजवायचं, हरणाची तार ताणायची, पोरांचं भगदाड म्हणजे तीन नवे खांब. पलीकडून गाड्या ताशी पंच्याऐंशी मैलांनी जात असतात. पहिले दोन दिवस त्या आवाजाने डोकं उठलं. आता मोठ्या गाडीचा आणि छोट्या गाडीचा वारा पाठीला वेगळा कळतो.

एकेचाळिसाव्या मैलापाशी रस्त्याखालून एक मोरी जाते. पाण्याची नाही, चांगली ट्रॅक्टर जाईल एवढी काँक्रीटची. पश्चिमेच्या तोंडाला लोखंडी गजांचं दार आहे. दाराची साखळी उघडी होती आणि दार सताड. साखळी कोणी तोडलेली नव्हती. नीट घडी घालून खांबावर ठेवली होती, धुतलेले कपडे ठेवावेत तशी. मी दार लावलं, कुलूप घातलं.

रस्त्याच्या पलीकडे, पूर्वेच्या कुंपणाशी एक बाई उभी होती. हातात पांढरं फडकं. ते हलवून मला काहीतरी सांगत होती. मीही हात केला. शेजारपाजारची माणसं चांगली दिसतात.

सोमवार, १० मार्च

मोरीचं दार तीन दिवस रोज उघडं. साखळीची रोज तशीच घडी. बाईही रोज असते, बरोबर दुपारी बाराला. आज मी हात केला नाही, कामात होतो.

परतताना चौकातल्या बेकरीत कोलाचे, म्हणजे इकडचे फळं भरलेले गोड पाव, घ्यायला थांबलो. बेकरी मिस ॲग्नेस श्रामेकची. वय ऐंशीच्या घरात, पण हात असे चालतात की पाहत राहावं. कुठे कामाला आहेस विचारलं, मी सांगितलं. तिने अर्धवट भरलेलं खोकं खाली ठेवलं. मग म्हणाली, मोरी कुबेनांची आहे. अलोइस आणि लुडमिला कुबेना. रस्ता झाला तेव्हा शेताचे दोन तुकडे झाले. घर पूर्वेला राहिलं, गाई आणि कुरण पश्चिमेला. मोरी तुमचीच, जन्मभर वापरा, असं प्रुइटने त्यांच्या ओट्यावर बसून, त्यांच्या ताटात जेवून सांगितलं होतं. कागदावर काही नव्हतं. ‘आमची माणसं जेवायला बसलेल्याकडून कागद मागत नाहीत, बाबा.’

मी विचारलं, आता कुठे असतात ते? ती म्हणाली, चर्चमागच्या दफनभूमीत. दोघंही. घर पाडून चार वर्षं झाली.

मग मी रोज पाहतो ती बाई कोण, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण मी खोकं उचललं आणि निघालो.

बुधवार, १२ मार्च

प्रुइटला सांगितलं की कुलूप टिकत नाही. तो म्हणाला, मग वेल्डिंग करून टाक गड्या, कटकट मिटेल. मी म्हटलं, ती वाट कोणाला तरी शब्द देऊन ठेवलेली आहे असं ऐकलं. तो खूप हसला. हसता-हसता माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, मेलेल्या माणसांना गाई नसतात. मग हसणं थांबवून विचारलं, तुझे नव्वद दिवस कधी भरतात रे?

वेल्डिंग केलं. चारही कोपरे, वर मधोमध एक पट्टी. तोंडावरचा वेल्डिंगचा मुखवटा वर केला तर बाराला दोन मिनिटं होती. पलीकडची बाई फडकं हलवत नव्हती. फडक्याची घडी घालत होती. अगदी सावकाश, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

कोलेटला काही सांगितलं नाही. तिने आज गंबो, तिचा तो कोळंबीचा घट्ट रस्सा, केला होता. मी दोनदा वाढून घेतला.

शुक्रवार, १४ मार्च

आज गंमत झाली. घरी येताना सेहेचाळिसाव्या मैलाचा फाटा घेतला, पुलावरून पूर्वेला, आमच्या घराच्या बाजूला उतरलो, आणि पाहतो तर समोर प्रुइटचं पश्चिमेचं गोदाम, जिथून निघालो होतो तेच. वळलो, पुन्हा पूल, पुन्हा गोदाम. तिसऱ्यांदा पोचलो. कोलेट म्हणाली, म्हातारा झालास. बहुतेक झालोय.

बुधवार, १९ मार्च

पाच वेळा. पुलाच्या मध्यावर मला पूर्वेकडचं पाण्याचं टाकं दिसतं, त्यावर लिहिलेलं होलुबेक वाचता येतं. उतार संपतो, आणि मी पश्चिमेला उतरलेला असतो. मध्ये डोळ्यांसमोर काहीही होत नाही. चक्कर नाही, अंधारी नाही.

शेवटी कोलेटला फोन केला. ती तिची गाडी घेऊन आली आणि मी तिच्या मागे-मागे, तिच्या मागच्या दिव्यांवर नजर ठेवून आलो. तेव्हा जमलं. घरी आल्यावर तिने माझे डोळे पापण्या ताणून तपासले. रिफायनरीतला वायू इतक्या वर्षांनी बाधतो का, हे ती कोणा डॉक्टरला विचारणार आहे. डॉक्टर म्हणजे विमा लागू झाल्यावर.

गुरुवार, २७ मार्च

आता घरातही.

सकाळी उठलो, कॉफीचा वास येत होता. झोपायच्या खोलीतून निघालो, बोळ ओलांडला, स्वयंपाकघराच्या दारातून आत पाऊल टाकलं. झोपायच्या खोलीत. पुन्हा गेलो. पुन्हा तेच. बोळाच्या टोकाला कोलेट दिसत होती, पाठमोरी, अंडी फोडताना. दहा पावलं. मी हाक मारली तर म्हणाली, ये ना मग, कोणी अडवलंय?

ती स्वतः माझ्याकडे सहज येऊ शकते. तिने हात धरून नेलं की मीही जातो. ‘लग्नातसुद्धा एवढा हात धरला नव्हतास,’ म्हणाली. पण नंतर नळाखाली ताटं धुताना तिचे खांदे हलत होते. तिच्या पाठीवर हात ठेवायला मी जागचा उठलो, आणि खोलीच्या दुसऱ्या भिंतीशी जाऊन पोचलो.

बुधवार, २ एप्रिल

माझ्या आधी या एकोणीस मैलांवर हॅस्केल टकेट नावाचा माणूस होता. त्याने काम का सोडलं, हे गोदामात कोणी बोलत नाही. पत्ता शोधला. पश्चिमेलाच राहतो, ओढ्याकाठी, चाकांवरच्या घरात. तिथपर्यंत मी एकटा जाऊ शकलो.

दार उघडंच होतं. तो आतून ओरडला, तिथूनच बोल, आत आलास तर तुझी तू जबाबदारी घे. घराच्या डाव्या अर्ध्या भागात तो खाटेवर बसलेला. उजव्या भागात चूल, नळ, फ्रीज. त्या भागात वर्षभराची धूळ, आणि फ्रीजच्या पायाशी कुत्र्याचा पट्टा, आणि पट्ट्यात जे उरलं होतं ते. शेजारीण खिडकीतून डबा देते, त्यावर तो जगतो. कुत्रं तिकडे होतं, म्हणाला. माझ्याकडे यायला घाबरायचं. अकरा दिवस लागले. मी बघत होतो.

मग त्याने न विचारता सगळं सांगितलं. मला आठवतंय तसं लिहितो.

प्रुइटला मोरीत त्याचे खांब आणि तारेची भेंडोळी ठेवायची होती. म्हणून एका सकाळी त्याने हॅस्केलला दाराला पहिलं कुलूप घालायला लावलं. कुबेनांना कोणी कळवलं नाही. अलोइस पहाटेच गाईंकडे गेलेला. बाराला लुडमिलाबाईने ओट्यावरून फडकं हलवलं. जेवण तयार आहे, ये. रोजचीच खूण होती ती. दुसरं काही नाही, फक्त जेवण. म्हातारा मोरीशी आला तर दार बंद. हॅस्केल तिथेच होता, किल्ली कमरेला. अलोइस म्हणाला, उघड बाबा, गाडीरस्त्याने वळसा घालायचा तर अकरा मैल आहेत आणि माझ्याकडे गाडी नाही. हॅस्केलने प्रुइटला फोन लावला. प्रुइट म्हणाला, उघडू नकोस. एकदा उघडलंस की रोज उघडावं लागेल. चालू दे त्याला अकरा मैल, सवय होईल.

म्हाताऱ्याने टोपी काढून घाम पुसला. मग कुंपणावर चढला. पश्चिमेच्या दोन्ही लेन पार केल्या, मधला दुभाजक पार केला. तिसरीही पार केली. शेवटच्या लेनमध्ये वाळूच्या ट्रकने उडवला. घरच्या कुंपणापासून बारा पावलांवर.

‘ती पाहत होती,’ हॅस्केल म्हणाला. ‘हातातलं फडकं वर धरलेलं तसंच. नंतर सहा महिने जगली. रोज बाराला कुंपणाशी यायची. ती कोणाला मारत नाही रे. मारलं असतं तर उपकार झाले असते. ती तुला बघायला लावते.’

जाताना मी विचारलं, तू तेव्हा दार उघडलं का नाहीस? किल्ली होती ना तुझ्याकडे? त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, आणि वेल्डिंगचं मशीन कोणाच्या हातात होतं?

मंगळवार, ८ एप्रिल

वेल्डिंग तोडलं. ग्राइंडर लावून सगळ्या पट्ट्या कापल्या, दार बिजागरीतून उतरवून गवतात टाकलं. मोठ्याने माफीही मागितली, गाड्यांच्या आवाजात. मग आत शिरलो. पलीकडच्या तोंडाशी उजेड दिसत होता, उजेडात तिचे पाय. राखाडी मोजे, काळे बूट. साठ पावलं चाललो. उजेडात बाहेर आलो. पश्चिमेलाच. माझं उतरवलेलं दार समोर गवतात.

कोलेटच्या गाडीमागून पूल अजून ओलांडता येतो, पण घरात हात धरूनही आता जमेनासं झालंय. कोलेट मला नेते, आणि तिच्या हातातून माझा हात सुटलेला असतो. ती खोलीत, मी बोळात. ती आता चेष्टा करत नाही. जेवण बोळात आणून ठेवते आणि पलीकडे बसून जेवते, मला दिसेल असं.

मी काय केलं होतं? चार कोपरे. एक पट्टी. सांगितलं ते केलं.

सांगणारा मजेत आहे. रोज संध्याकाळी मोटारीतून, शीळ घालत, तोच पूल ओलांडून त्याच्या पूर्वेकडच्या घरी जातो. त्याने दाराला कधी हातच लावलेला नाही. तेव्हा हॅस्केलचे हात होते, आता माझे.

त्याचे हात लागले पाहिजेत.

गुरुवार, १० एप्रिल

झालं.

गोदामात सगळ्यांच्या देखत सांगितलं, मोरीचं दार मी उतरवलंय आणि पुन्हा लावणार नाही. का? तर म्हातारीची भीती वाटते. पोरं खो-खो हसली. प्रुइटला हेच हवं असतं, असं हसणारं मंडळ. मला आडनावाने हाक मारून म्हणाला, ‘गिड्री, पन्नाशीचा घोडा तू, तुला पाळणा आणून देऊ का?’ मी मान खाली घातली. म्हटलं, साहेब, तुम्हीसुद्धा लावणार नाही. तुम्हालाही माहितीय तिथे काय झालं ते.

हसू थांबलं. मग तो उठलाच.

दार त्याने स्वतः खांद्यावर घेऊन बिजागरीत बसवलं. मी मदत केली नाही. साखळी स्वतः गुंडाळली, कुलूप स्वतः दाबलं. टक्. नंतर वळून हात झटकले आणि म्हणाला, कुठाय तुझी म्हातारी?

ती पलीकडे उभी होती. त्याला दिसली नाही. मला दिसली. तिने फडकं काढलं, कोपऱ्याला कोपरा लावला, घडी घातली.

इतका आनंद मला लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता. खोटं कशाला लिहू.

शुक्रवार, ११ एप्रिल

प्रुइट काल घरी पोचला नाही. कार्यालयात झोपला. मला चाळीस वर्षं रस्ते पाठ आहेत, असं टेबलावर हात आपटून सांगत होता. संध्याकाळी त्याचा फोन आला. आधी शिव्या. तू माझ्या गाडीला काय केलंस? मग, तुझ्या मागे-मागे येऊ दे. मग अगदी हळू आवाजात, गिड्री, नातीचा बाप्तिस्मा आहे रे रविवारी.

मी म्हटलं, अकरा मैल चाला साहेब. सवय होईल.

त्यानंतर फोन वाजत राहिला. मी तो बोळात माझ्यासमोर ठेवला, आणि वाजू दिला. कोलेटने पलीकडून विचारलं, कोण आहे एवढं? मी सांगितलं, चुकीचा नंबर.

शनिवार, १२ एप्रिल

दुपारी दोन वाजता. एकेचाळिसावा मैल. त्याची बायको त्याला न्यायला आली होती, पूर्वेच्या बाजूच्या रस्त्यावर गाडी लावून उभी होती. तो कुंपण चढून धावत निघाला. बायकोने सगळं पाहिलं.

मिस ॲग्नेसने सांगितलं. तिचे हात आज चालत नव्हते. मी दोन कोलाचे खाल्ले, जर्दाळूचे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तिसरा परत ठेवला.

बेकरी पूर्वेला आहे. मी कामावरून एकटाच गाडी चालवत, पूल ओलांडून तिथे गेलो होतो, हे मला परत आल्यावर लक्षात आलं!

रविवार, १३ एप्रिल

कॉफीचा वास. उठलो. बोळ. स्वयंपाकघर. स्वयंपाकघर! कोलेटच्या पाठीवर हात ठेवला. ती किंचाळलीच, मग रडली, मग उलथन्याने मला मारलं. दिवसभर मी नुसता एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात होतो. विनाकारण.

रविवार, २० एप्रिल

ईस्टर. बोमाँटहून तिची बहीण आली होती. अंगणात मोठं पातेलं चढवून क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले झिंगे, उकडले, मका, बटाटे. नव्या साहेबाने मला कायम केल्यासारखंच आहे, विम्याला सहा आठवडे उरले. कोलेट काठी न घेता दोन पावलं नाचली, मग ‘आई गं’ म्हणून माझ्यावर रेलली.

तिची बहीण म्हणाली, तुमच्या मागच्या कुंपणापलीकडे एक बाई बराच वेळ उभी आहे, जेवायला बोलवायचं का?

मी वळून पाहिलं नाही. म्हटलं, शेजारीण असेल.

सोमवार, २१ एप्रिल

झोप नाही. का? प्रुइट मेला. हिशेब संपला. दार मी आज पुन्हा उतरवलं, तोडून ट्रकमध्ये टाकलं. मोरी उघडी आहे. आता काय हवंय तिला?

एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. तो फोनवर म्हणाला होता, नातीचा बाप्तिस्मा आहे. मागे-मागे नेऊन त्याला पूल पार करवायची वाट एकट्या मला माहीत होती. मी म्हटलं, अकरा मैल चाला.

हे शब्द कोणाचे होते—

मंगळवार, २२ एप्रिल. सकाळी साडेनऊ

ही वही आज खिशात आहे, म्हणून लिहितोय. घरी नाही. दुभाजकात आहे.

दोन्ही बाजूंच्या लेनमधल्या गवताच्या पट्टीत शिडी पडली होती. कोणाच्या तरी गाडीवरून उडालेली. पिकअप पश्चिमेच्या कडेला लावला, गाड्यांत फट पाहून पळत आलो. शिडी उचलली. परत निघालो. डांबरावर पाऊल टाकलं— गवतात. पूर्वेकडे टाकलं. गवतात.

फोन पिकअपमध्ये आहे. दिसतोय. काचेपाशी.

अकरा

किती गाड्या गेल्या! हात करतो, ओरडतो. नारिंगी जाकीट घातलेला माणूस दुभाजकात उभा असला की तो कामावर आहे असंच सगळ्यांना वाटतं. काही जण हात करतात. एका बाईच्या मांडीवरच्या बाळानेही केला.

पंचवीस वेळा प्रयत्न केला. जाकीट काढून टाकलं. उपयोग नाही.

बारा

ती आली. पूर्वेच्या कुंपणाशी. हातात फडकं नाही आज. हात मोकळे आहेत.

मी ओरडून सांगितलं, मी काय करणार होतो? मला बायकोचं ऑपरेशन— माझ्या हातात काही— तिने ऐकून घेतलं. तसं वाटलं. मग रस्त्याच्या टोकाकडे, होलुबेककडे मान वळवली. वाट पाहत असल्यासारखी.

कोणाची—

नाही

साडेबारा

कोलेटची गाडी. निळी. बाजूच्या रस्त्याने हळू येतेय. मी फोन उचलत नाही म्हणून—

थांबली. उतरली. काठी नाही आणली. मला पाहिलं तिने. मी दोन्ही हात हलवले, जा, परत जा. तिनेही हलवला. हसली. तिला वाटतंय मी बोलावतोय.

ओरडलो. वाऱ्यात आवाज पोचत नाही. तिने कानामागे हात नेला, काय? काय म्हणतोस? आणि गवतातून पुढे यायला लागली. पाय ओढत.

म्हातारी तिच्या शेजारी आहे. कोलेटला दिसत नाही ती. कुंपणाच्या तारा म्हातारीने दोन्ही हातांनी खाली दाबून धरल्यात. कोलेटला ओलांडायला सोपं जावं म्हणून. आपुलकीने. सुनेला धरावं तसं.

हात हलवायचे नाहीत आता. हलवले की ती येते. म्हणून लिहितोय. हात वहीत गुंतलेले राहिले, मी खाली बसून शांतपणे लिहिताना दिसलो, तर तिला वाटेल मी ठीक आहे, कामात आहे. जाईल परत. वर बघायचं नाही. मी बघितलंच नाही तर म्हातारीला काय मिळणार. बघायला कोणी नसेल तर ती कशाला—

एक गाडी गेली. मोठी. वारा लागला.

कोलेट हाक मारतेय. व्हर्लन. अगं जा ना. जा. व्हर्लन, काय झालंय तुला. आवाज स्पष्ट येतोय. इतका स्पष्ट यायला नको. कुंपणापासून इतका स्पष्ट येत नाही

वर बघायचं नाही वर बघायचं नाही

तिची चप्पल डांबरावर वाजतेय. एक पाय टेकतो, एक घासत येतो. टेकतो, घासतो. माझ्या हनुवटीखाली कोणीतरी हात घातलाय. थंड आहे, पिठाचा वास येतोय. मान वर करतेय माझी, हळूच, मी दातओठ खाऊन खाली दाबतोय, मी लिहितोय, मी अजून कागदच बघतोय, टेकतो, घासतो, लांबून ट्रकचा भोंगा, कोलेट, थांब तिथेच, कोलेट, मी वर